हातोहात : मेटलच्या सहा तबकड्या आणि त्या पुढे सरकवणारी माणसं

गेल्या वर्षभरात माझ्या संग्रहात सहा एलपींची भर पडली. सगळ्या हेवी मेटलच्या. सगळ्यांत जुना अल्बम १९७०चा, सगळ्यांत नवा १९८७चा. काही नव्यानं छापलेल्या, काही सेकंडहँड, एक मित्राच्या बॅगेतून कपड्यांच्या घडीत बसून परदेशातून आलेली. घेताना काही योजना नव्हती, जशा मिळाल्या तशा घेतल्या. सालाप्रमाणे लावून ओळीनं ऐकल्या तेव्हा मात्र त्यांच्यातला एक धागा दिसायला लागला.

मेटलचा इतिहास सहसा बँडांचा इतिहास म्हणून सांगतात. कुणी बँड काढला, कोण सोडून गेलं, कोण दारूत बुडालं. तो खरा आहे आणि मजेदारही आहे. पण या सहा तबकड्यांच्या मागे आणखी एक इतिहास आहे, तो ऐकणाऱ्यांचा. रेडिओ आणि मोठ्या कंपन्या या संगीताकडे बहुतेक वेळा उशिरा आल्या. त्याआधी कुणीतरी कुणाच्या तरी हातात एक रेकॉर्ड किंवा कॅसेट ठेवली होती आणि म्हटलं होतं, हे ऐक.

हा लेख म्हणजे त्या सहा अल्बमांबद्दलची माझी मतं आणि त्या हातांची गोष्ट. यातले बहुतेक अल्बम तुम्हाला आत्ता, याच फोनवर सापडतील. मी म्हणतोय त्यावर विश्वास ठेवू नका. ऐका आणि मग भांडा.

फोरमननं आणलेली रेकॉर्ड

पहिली तबकडी ब्लॅक सबाथची 'पॅरानॉइड', १९७०.

बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधलं कारखान्यांचं शहर. तिथल्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता, कारण तो गिटार वाजवायला एका बँडबरोबर बाहेर पडणार होता. त्या दिवशी त्याला नेहमीच्या कामाऐवजी प्रेसवर बसवलं गेलं आणि मशीननं त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही प्रेस आणि बोटं हे नातं समजावून सांगावं लागत नाही. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

तो घरी हताश बसलेला असताना कारखान्यातला फोरमन त्याला भेटायला आला. येताना एक रेकॉर्ड घेऊन आला. ती जँगो राइनहार्टची होती. जँगो हा युरोपातला थोर जॅझ गिटारिस्ट. १९२८मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं कायमची निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं जे वाजवलं ते ऐकून आयोमी उठला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं. नेहमीच्या तारा दाबताना दुखायचं म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे तारा सैल करून गिटार खालच्या सुरात लावायला लागला आणि १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'वर तो जड, खोल आवाज पक्का झाला.

म्हणजे ज्याला आपण मेटलचा आवाज म्हणतो, त्याच्या उगमाशी एका कामगारानं दुसऱ्याला दिलेली रेकॉर्ड आहे, आणि तीही जॅझची. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तो फोरमन काही समीक्षक नव्हता. याला आत्ता हे ऐकायची गरज आहे, एवढंच त्याला कळलं.

आता अल्बमबद्दल. 'पॅरानॉइड' हे शीर्षकगीत ऐनवेळी, अल्बम थोडा कमी पडतोय म्हणून घाईनं केलेलं आहे. अल्बमचं नाव आधी 'वॉर पिग्ज' ठरलं होतं. कव्हरवरचा तलवार घेतलेला माणूस त्याच नावासाठी होता. नाव बदललं, माणूस तसाच राहिला. माझ्या मते हे गाणं या तबकडीतलं सगळ्यांत साधं गाणं आहे. खरी ताकद 'हँड ऑफ डूम'मध्ये आहे. आणि पुन्हा ऐकताना जाणवतो तो बिल वॉर्डचा ड्रम. तो नुसता ठोकत नाही, झोके देतो, जॅझसारखा. पुढच्या शेकडो बँडांनी आयोमीची गिटार उचलली, वॉर्डचा झोका मात्र उचलला नाही. 'रॅट सॅलड' आलं की मी सुई उचलतो, हेही सांगून टाकतो.

फर्माइशींची यादी

दुसरी तबकडी आयर्न मेडनचा पहिला अल्बम, १९८०.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पंकची हवा होती आणि मेटल हे जुनाट संगीत समजलं जात होतं. लंडनच्या किंग्जबरी भागात 'बँडवॅगन' नावाचं ठिकाण होतं. तिथे नील के हा डीजे खास हेवी मेटलच्या रात्री भरवायचा. पोरं यायची, फर्माइशी करायची, आणि त्या फर्माइशींची क्रमवारी 'साउंड्स' या साप्ताहिकात छापून यायची. विक्रीचे आकडे नाहीत, रेडिओचे आकडे नाहीत. एका खोलीतल्या लोकांना काय ऐकायचं होतं, त्याची ती यादी.

मेडननं १९७८च्या ३१ डिसेंबरला केंब्रिजच्या एका स्टुडिओत काही गाणी मुद्रित केली आणि टेप नील केला नेऊन दिली. त्यानं ती लावली. 'प्राउलर' हे गाणं त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, बँडची एकही रेकॉर्ड बाजारात नसताना! मागणी इतकी आली की १९७९च्या नोव्हेंबरमध्ये बँडनं स्वतःच त्यातल्या तीन गाण्यांची छोटी तबकडी काढली. नाव ठेवलं 'द साउंडहाउस टेप्स', नील केच्या त्या जागेवरून. ५००० प्रती, टपालानं विक्री. हातोहात खपल्या. मग ईएमआय ही मोठी कंपनी आली आणि १९८०च्या एप्रिलमध्ये हा अल्बम निघाला.

'साउंडहाउस टेप्स'ची मूळ प्रत माझ्या ऐपतीबाहेर आहे आणि तिची मला हळहळही नाही. पहिल्या अल्बमबद्दल मात्र भांडायला तयार आहे. बँडचा प्रमुख स्टीव्ह हॅरिसला त्याचं ध्वनिमुद्रण कधीच आवडलं नाही. मला आवडतं. आवाज किरकोळ आहे, खरं आहे, पण त्या किरकोळपणामुळेच बेस गिटार प्रत्येक वळणावर ऐकू येते. पॉल डिॲनोचा गळा रस्त्यावरचा आहे. नंतर आलेल्या ब्रूस डिकिन्सनचा रंगमंचावरचा. 'फँटम ऑफ द ऑपेरा' सात मिनिटांचं गाणं आहे आणि त्यात किमान चार गाण्यांचा ऐवज आहे. रिमिक्सच्या नादी न लागता मूळ मिश्रणच ऐका.

कोरं पांढरं कव्हर

तिसरी तबकडी डायमंड हेडची 'लाइटनिंग टू द नेशन्स', १९८०.

डायमंड हेड बर्मिंगहॅमजवळच्या स्टरब्रिजचे. गाणी उत्तम, पण कंपनी मिळेना. व्यवस्थापन गायकाच्या आईच्या हातात होतं. शेवटी त्यांनी स्वतःच १००० प्रती छापल्या. पैसे वाचवायला कव्हर कोरं पांढरं ठेवलं, ना नाव, ना गाण्यांची यादी. कव्हरवर चौघांपैकी एकाची सही, बस. मैफलींत आणि 'साउंड्स'मधल्या जाहिरातीवरून टपालानं विकल्या.

त्यातली एक प्रत अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहणाऱ्या लार्स उलरिकनं मागवली. लार्स मूळचा डेन्मार्कचा, टेनिसपटू टॉर्बन उलरिकचा मुलगा. तो स्वतःही टेनिसपटू होणार अशी घरची अपेक्षा होती. त्याचं लक्ष रेकॉर्डमध्ये. ती पांढरी तबकडी ऐकून तो इतका झपाटला की १९८१च्या उन्हाळ्यात विमानानं इंग्लंडला गेला, डायमंड हेडची मैफल गाठली आणि काही आठवडे त्यांच्याच घरी मुक्काम ठोकला. सतरा वर्षांचा मुलगा, अनोळखी लोकांकडे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. सगळ्याच सतरा वर्षांच्या मुलांना विमानाचं तिकीट परवडत नाही. संग्राहकांच्या जगात वेडाइतकाच खिसाही मोजला जातो. ते तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

या अल्बममध्ये सात गाणी आहेत. त्यातली चार पुढे लार्सच्या बँडनं, म्हणजे मेटॅलिकानं, वाजवून मुद्रित केली : 'ॲम आय ईव्हल?', 'हेल्पलेस', 'द प्रिन्स' आणि 'इट्स इलेक्ट्रिक'. सातातली चार! एका बँडनं दुसऱ्याचं इतकं ऋण उघडपणे मिरवल्याची उदाहरणं थोडी आहेत. माझ्याकडे अर्थातच नवीन छपाई आहे. ब्रायन टॅटलर एका गाण्यात इतके रिफ खर्च करतो की काटकसर हा शब्द त्याला माहीत नसावा. शॉन हॅरिसचा आवाज लेड झेपेलिनच्या रॉबर्ट प्लँटकडे सारखा बघतो, तिथे अल्बम थोडा जुना वाटतो. नऊ मिनिटांहून लांब असलेलं तिसरं गाणं मला अर्ध्यात सोडावंसं वाटतं. पण 'ॲम आय ईव्हल?' लावा आणि मग मेटॅलिकाचं कुठलंही पहिल्या काळातलं गाणं लावा. वडील आणि मुलगा एकाच फोटोत दिसतात.

दुकानातला पोरगा

चौथी तबकडी 'मेटल मॅसेकर', १९८२. ही एका बँडची नाही, अनेक बँडांची संकलित तबकडी आहे.

लॉस एंजेलिसमध्ये ब्रायन स्लेगल हा तरुण रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. ब्रिटिश मेटलच्या आयात रेकॉर्डी दुकानात मागवायच्या, शिवाय स्वतःचं एक छोटं हौशी मासिक काढायचं, असा त्याचा उद्योग. लार्सशी त्याची ओळख याच वेडातून झाली. दोघं गाडी घेऊन दूरदूरच्या दुकानांत नवीन ब्रिटिश रेकॉर्ड शोधत फिरायचे. आपल्या शहरातल्या बँडांना कुणी विचारत नाही, तर आपणच त्यांची एक तबकडी काढावी, असं स्लेगलनं ठरवलं. ही मेटल ब्लेड या लेबलची सुरुवात.

लार्सनं त्याला विचारलं, मी बँड काढला तर त्यावर एक जागा देशील? तेव्हा बँड अस्तित्वात नव्हता. स्लेगल हो म्हणाला. त्या एका होकाराच्या जोरावर लार्सनं जेम्स हेटफिल्डला गाठलं आणि 'हिट द लाइट्स' हे गाणं तयार झालं. पहिल्या छपाईत बँडच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं, एक 'टी' जास्त पडला. आज त्या चुकीच्या स्पेलिंगच्या प्रतीमागे संग्राहक धावतात.

अल्बम म्हणून 'मेटल मॅसेकर' भेळ आहे. काही कुरकुरीत, काही मऊ पडलेलं. पहिल्या छपाईत रॅट नावाचा बँडही होता, जो पुढे चकचकीत कपडे आणि टीव्हीवरचे व्हिडिओ या वाटेनं गेला. म्हणजे अमेरिकन मेटलच्या दोन्ही वाटा एकाच तबकडीवर शेजारी बसल्या होत्या. माझ्यासाठी यातला शोध मेटॅलिका नाही, सिरिथ उन्गोल आहे. त्यांचं 'डेथ ऑफ द सन' विचित्र, खडबडीत आणि कुणासारखंच नाही. संकलनाचा फायदा हाच. एकासाठी घ्या, दुसऱ्यासाठी ठेवा.

कॅसेटचा काळ

इथून पुढे तबकडीपेक्षा कॅसेट महत्त्वाची होते, म्हणून थोडं यंत्राबद्दल.

एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं चांगली बसतात. त्याहून जास्त कोंबलं तर खाचा अरुंद होतात आणि आवाजाचा, विशेषतः बेसचा, जोर कमी करावा लागतो. ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर एका बाजूला पूर्ण एलपी मावते, दुसरीकडे दुसरी. त्यामुळे अल्बमांच्या जोड्या जमायच्या. मात्र कॅसेटवरून कॅसेट भरली की दर वेळी वरचे सूर थोडे मरतात आणि 'सूंऽऽ' असा आवाज वाढतो. पाचव्या-सहाव्या हाताला आलेली कॅसेट म्हणजे पावसातून ऐकलेलं संगीत.

तरीही १९८०च्या दशकात जगभरची पोरं टपालानं कॅसेटी अदलाबदल करत होती. प्रत्येकाची एक यादी असायची. तुझ्या यादीतलं मला दे, माझ्या यादीतलं तुला देतो. पैसे नाहीत. तिकिटांवर डिंक किंवा साबण लावायचा, म्हणजे शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरता येतं, अशा युक्त्याही चालायच्या. पाकिटात कॅसेटसोबत चिठ्ठी असायची. कोणता बँड, कुठला, काय ऐकण्यासारखं.

मेटॅलिकाची १९८२ची 'नो लाइफ टिल लेदर' ही सात गाण्यांची कॅसेट अशीच फिरली. फिरत फिरत ती न्यू जर्सीत जॉन झझुला याच्या हाती आली. जॉन आणि त्याची बायको मार्शा जुन्या बाजारात रेकॉर्डचा स्टॉल चालवायचे. कॅसेट ऐकून त्यांनी बँडला देशाच्या दुसऱ्या टोकाहून बोलावून घेतलं. कंपन्यांनी नाही म्हटल्यावर स्वतःचे पैसे घालून मेगाफोर्स हे लेबल काढलं, आणि १९८३च्या जुलैमध्ये 'किल एम ऑल' बाजारात आला. ही माझी पाचवी तबकडी.

हा अल्बम माझ्या मते परिपूर्ण नाही, आणि तेच त्याचं भाग्य आहे. ड्रम पुढे पळतो, हेटफिल्डचा आवाज अजून फुटलेला नाही. पण त्याचा उजवा हात ऐका. तार फक्त वरून खाली छेडत, कापणीच्या कोयत्यासारखा एका लयीत चाललेला. मेडनची सुरावट आणि पंकची घाई इथे एका पोरानं एकत्र ऐकली आहे, कारण त्याच्या कपाटात दोन्ही रेकॉर्डी शेजारी होत्या. क्लिफ बर्टनचा बेसचा एकटा तुकडा वगळू नका, तो या गोंगाटातला सगळ्यांत एकांताचा क्षण आहे.

पुन्हा बर्मिंगहॅम

सहावी तबकडी नेपाम डेथची 'स्कम', १९८७.

आयोमीच्या गावातलाच हा बँड, सतरा वर्षांनंतरचा. 'स्कम'वर तेहेतीस मिनिटांच्या आसपास २८ गाणी आहेत. त्यातलं 'यू सफर' सव्वा सेकंदाच्या आसपासचं आहे आणि सगळ्यांत छोटं गाणं म्हणून गिनीज बुकात गेलेलं आहे. गंमत म्हणजे तबकडीच्या दोन बाजूंवर जवळजवळ दोन वेगळे बँड आहेत. पहिली बाजू १९८६ची, दुसरी १९८७ची. मधल्या काळात लोक बदलले आणि दोन्हीकडे राहिला तो फक्त ड्रमर मिक हॅरिस. हे संगीत काढलं नॉटिंगहॅमच्या डिगबी पिअर्सन यानं, इअरेक या त्याच्या लेबलवर. तोही मूळचा कॅसेटी अदलाबदल करणाराच.

माझं मत विचाराल तर पहिली बाजू श्रेष्ठ. तिच्यात गिटार वाजवणाऱ्या जस्टिन ब्रॉडरिकनं वेगाच्या मधोमध अचानक संथ, सबाथसारखे जड तुकडे पेरलेत. ते नसते तर हा नुसता कल्ला झाला असता. दुसरी बाजू जास्त वेगवान आहे आणि मला लवकर थकवते. घरच्यांना ही तबकडी यंत्र बिघडल्यासारखी वाटते. पण 'पॅरानॉइड' आणि 'स्कम' लागोपाठ ऐका. एकाच शहराचे, एकाच प्रेसचे दोन आवाज आहेत. एकात मशीन सावकाश खाली येतं, दुसऱ्यात ते थांबायचं नावच घेत नाही.

मग नॅपस्टर आलं

आता या गोष्टीतला अवघड भाग.

२०००च्या एप्रिलमध्ये मेटॅलिकानं नॅपस्टरवर खटला भरला. नॅपस्टर म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांच्या संगणकातली गाणी फुकट घेण्याची सोय. बँडचं एक गाणं पूर्ण व्हायच्या आधीच तिथे पसरलं आणि रेडिओवर वाजलं, हे निमित्त झालं. मे महिन्यात लार्स उलरिक स्वतः तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांच्या नावांची यादी घेऊन नॅपस्टरच्या कचेरीत गेला. ज्याचा बँड फुकट फिरलेल्या कॅसेटवर उभा राहिला, तोच आता फुकट घेणाऱ्यांची नावं देत होता. जगभरच्या चाहत्यांनी त्याला ढोंगी म्हटलं. २००१च्या जुलैमध्ये नॅपस्टरची ती सेवा बंद पडली.

लार्स ढोंगी होता का? मला तसं सरळ म्हणता येत नाही. मेटॅलिका आपल्या मैफली चाहत्यांना मुद्रित करू द्यायची, त्या कॅसेटी फिरायला तिची हरकत नव्हती. अपुरं गाणं परवानगीशिवाय बाहेर पडणं ही वेगळी गोष्ट आहे. पण स्वतःच्या चाहत्यांची यादी घेऊन दारात उभं राहणं हे मला आजही खटकतं. भांडण कंपनीशी होतं, यादी पोरांची होती.

माझ्या दृष्टीनं फुकट-विकत हा मूळ फरकच नव्हता. कॅसेटच्या पाकिटात देणारा माणूस होता. त्यानं ९० मिनिटं बसून, पूर्ण लांबीत, तुमच्यासाठी ते भरलं होतं. नावीन्य किती, तुमची आवड काय, याचा विचार केला होता. नॅपस्टरवर फाइल आली, माणूस आला नाही. आजच्या ॲपवर तर कलाकाराला थोडेफार पैसेही जातात, म्हणजे चोरीचा मुद्दा बराचसा मिटला. देणारा मात्र परत आलेला नाही. त्याच्या जागी एक गणित बसलं आहे, आणि त्या गणिताचा हेतू तुम्ही ॲप बंद करू नये एवढाच आहे. आयोमीला त्या दिवशी गणितानं काय सुचवलं असतं? त्याच्यासारख्या मुलांनी ऐकलेलंच आणखी काही. जँगोची जॅझ रेकॉर्ड नक्कीच नाही.

याचा अर्थ जुनं सगळं सोन्याचं होतं असा नाही. संग्राहकांची जमात कोती असू शकते. 'तू खरा फॅन असशील तर तीन अल्बमांची नावं सांग' अशी परीक्षा घेणारे, टी-शर्ट घातलेल्या मुलीला हमखास तोच प्रश्न विचारणारे आमच्यातच निघतात. सीलबंद रेकॉर्ड न ऐकता, भाव चढेल म्हणून ठेवणारेही आमच्यातच. न वाजवलेली तबकडी म्हणजे माझ्या लेखी प्लॅस्टिकची थाळी. मार्शा झझुलानं स्टॉलवर बसून जे केलं ते नेमकं याच्या उलट होतं.

आणि आपण

ही साखळी आपल्याकडेही पोचली. आपल्याकडे तेव्हा 'कॅसेट भरून घेणं' हा वाक्प्रचारच होता. कोरी कॅसेट आणि यादी दुकानदाराला द्यायची, दोन दिवसांनी भरलेली घेऊन यायची. हिंदी गाण्यांसाठी हे घरोघर चालायचं, आणि मेटलवाली पोरं तीच सोय आपल्या कामाला लावायची. एकाचा मामा दुबईहून मेडनची कॅसेट आणायचा आणि ती वर्गभर फिरायची. मुंबईत १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि धोबी तलावजवळच्या रंगभवनाच्या खुल्या मंचानं दोन पिढ्यांना हे संगीत प्रत्यक्ष ऐकवलं. २००७च्या मार्चमध्ये आयर्न मेडन बंगळूरला आला तेव्हा मुंबई-पुण्याहून रेल्वे-बसनं पोरं गेली. त्यांच्यापैकी कित्येकांनी ती गाणी पहिल्यांदा कुणाच्या तरी भरून घेतलेल्या कॅसेटवर ऐकली होती.

साखळीची सध्याची कडी मला सगळ्यांत जास्त आनंद देते. ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी हे मेटलचं लेबल मुंबईतून चालतं. सुरुवात झाली ती एका श्रोत्यानं चालवलेल्या, मेटलबद्दल लिहिणाऱ्या वेबझिनपासून. स्लेगलच्या हौशी मासिकाची आठवण व्हावी अशीच ती वाट. आज त्यावर परदेशी बँडांचे अल्बम निघतात. पोर्तुगालच्या गाएरिया या बँडचा २०१८चा पहिला अल्बम 'अनसेटलिंग व्हिस्पर्स' मुंबईच्या या लेबलनं काढला. एकेकाळी बाहेरून आलेली कॅसेट भरून घेणारं शहर आता बाहेरच्यांच्या हातात रेकॉर्ड ठेवतंय.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. रेकॉर्ड विकत घ्याच असं मी म्हणणार नाही, त्या महाग आहेत आणि जागा खातात. पण या आठवड्यात एका माणसाला एक अल्बम द्या. लिंक चालेल. 'भारी आहे, ऐक' एवढंच लिहून पाठवू नका. त्याला तोच का, त्यातलं कुठलं गाणं आधी आणि कुठलं वगळलं तरी चालेल, अशा चार ओळी लिहा. आणि तो स्टेटसवर टाकू नका, त्याच्या नावानं पाठवा. फोरमननं आयोमीसाठी यापेक्षा जास्त काही केलं नव्हतं.